शेवटच्या नळाचा हिशेब

(घोटावडे येथे भरलेल्या पाणीपुरवठा अभियंत्यांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



 परिषदेचे स्थळ ज्यांनी ठरविले त्यांचा मी ऋणी आहे. पाण्याच्या वाटपाचा विचार करावयास या मुळशी तालुक्याइतकी उचित जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, 1921 साली, टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध येथील मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व पत्करले, आणि अखेर धरण झालेच. ते पाणी आजही सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि कोकणाकडे जाते. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु पाणी कोठे साठते एवढे विचारून भागत नाही, ते कोणाच्या दारी पोहोचते हेही विचारावे लागते, ही गोष्ट या मातीने फार पूर्वी आणि फार मोठी किंमत देऊन शिकलेली आहे. आणि ज्याला आपण कचेरीत हायड्रॉलिक मॉडेल म्हणतो ते जलवितरणाचे प्रतिमान म्हणजे हाच प्रश्न नळीनळीला, चौकाचौकाला विचारण्याची रीत आहे, असे मी मानतो.

नळाने पाणी वाटण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत, अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून बंदिस्त नळातून पुण्यात पाणी आणले, वाटेवर ठिकठिकाणी हवा व दाब मोकळा होण्यासाठी उच्छ्वास उभारले आणि पेठांतून हौद बांधले. ज्या कारागिरांनी ते उच्छ्वास उभारले त्यांना समीकरणे ठाऊक नव्हती, पण कोंडलेली हवा आणि अनावर झालेला दाब नळाचे काय करतो हे त्यांना पुरते उमगलेले होते. मला त्या व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट नेहमी विचार करावयास लावते. हौदात पाणी आले की ते सर्वांच्या डोळ्यांसमोर येई, आणि आटले तरी सर्वांच्या डोळ्यांसमोर आटे. कोणाला किती चालावे लागे एवढाच काय तो भेद. पाणी घरोघर नळाने जाऊ लागले तेव्हा चालणे वाचले, हा मोठाच उपकार झाला, परंतु त्याबरोबर कमी-अधिकपणा जमिनीखाली गेला आणि दिसेनासा झाला. टाकीजवळच्या आळीत बादली ओसंडून वाहते आणि त्याच वेळी चढावरच्या वस्तीत नळाला नुसता वारा येतो, या दोन गोष्टी एकाच नळीच्या दोन टोकांना घडत असूनही एकमेकींना ठाऊक नसतात.

हे असे का होते याचा जबाब नळीच्या घर्षणात आहे. चोवीस तासांत वाहावयाचे पाणी आपण चार तासांत सोडतो, तेव्हा मुख्य वाहिनीतला प्रवाह सरासरीच्या सहापट होतो. परंतु घर्षणात खर्ची पडणारा दाब मात्र, हेझन आणि विल्यम्स यांच्या सूत्राप्रमाणे, सहापट न होता सुमारे 27-28 पट होतो. दोनशे मिलिमीटरच्या नळीऐवजी शंभराची टाकून तेवढेच पाणी त्यातून न्यावयाचे म्हटले, तर तो खर्च जवळजवळ 29 पट होतो. लोखंडी नळी आतून गंजून खरबरीत झाली, त्याच सूत्रातला तिचा गुणांक 130 वरून 90 वर उतरला, की व्यास तोच राहूनही घर्षण दुप्पट. ज्या नियमपुस्तिकेवर आपण वर्षानुवर्षे योजना आखल्या तिने एकमजली घरासाठी 7, दुमजली घरासाठी 12 आणि तीन मजल्यांसाठी 17 मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब शिल्लक राहिला पाहिजे असे सांगितले होते. टाकीची उंची ही आपली सगळी पुंजी. आणि वर सांगितलेल्या पटींनी तिचा व्यय होऊ लागला म्हणजे शेवटच्या घरासाठी काय उरणार, हे सांगावयास ज्योतिषाची गरज नाही. मग लोक नळाला मोटर लावतात, आपण त्यांना नोटिसा देतो, आणि मोटरीने ओढलेल्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब निर्माण झाला की शेजारच्या गटारातले पाणी फुटक्या सांध्यातून आत शिरते. मोटर लावणाऱ्या गृहस्थाला मी निर्दोष ठरवीत नाही. परंतु त्याच्या गुन्ह्याचा मसुदा आपल्याच कचेरीत तयार झालेला असतो, हेही मला लपवून ठेवता येत नाही.

एका नळीचा हिशेब सोपा आहे. वर्तुळाकार गुंतलेल्या शेकडो नळ्यांचा सोपा नाही, कारण कोणत्या नळीतून किती पाणी जाईल हे दाबावर ठरते आणि दाब किती राहील हे प्रवाहावर ठरते. हा गुंता कागद-पेन्सिलीने सोडविण्याची रीत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी 1936 साली दिली: नळ्या जेथे मिळतात त्या प्रत्येक चौकात येणारे आणि जाणारे पाणी जुळेल असा प्रथम अंदाज करावा, मग एकेक वर्तुळ घेऊन त्यातील दाबाची बेरीज शून्यावर येईपर्यंत तो अंदाज सुधारीत जावे. आमच्या पिढीने ही कोष्टके रात्र रात्र जागून भरली आहेत. पुढे संगणक आले. मुंबईच्या आयआयटीतील प्रसाद मोडक आणि त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली ‘लूप’ ही आज्ञावली 1991 च्या सुमारास जागतिक बँकेच्या द्वारे कितीतरी देशांत गेली. 1993 साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ‘एपानेट’ ही आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली केली. ज्या ग्रामपंचायतीला महागडी आज्ञावली परवडत नाही तिलाही आज हे साधन एक छदामही न देता मिळू शकते. आणि गुरुत्वाने चालणाऱ्या ग्रामीण योजनांतील नळ्यांचे व्यास कमीतकमी खर्चात ठरविण्यासाठी मुंबईच्या आयआयटीनेच ‘जलतंत्र’ही दिलेले आहे.

परंतु एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे, कारण ती महाराष्ट्राच्या अभिमानाची असून महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही. जुनी प्रतिमाने असे गृहीत धरीत की प्रत्येक चौकातली मागणी पुरी झालीच आहे. मग गणितात कित्येक ठिकाणी दाब ऋण निघे, आणि ज्या नळाला प्रत्यक्षात थेंबही येत नाही त्याला कागदावर भरपूर पाणी मिळे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक प्रमोद भावे यांनी 1981 साली या गृहीताला हात घातला, आणि दाब जेवढा असेल तेवढेच पाणी नळाला मिळेल, ही गोष्ट गणितात आणण्याचा मार्ग दाखविला. ज्या देशात दाब कधीच पुरेसा नसतो त्या देशातल्या माणसाला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही. नवल याचे की ‘एपानेट’मध्ये दाबाधारित मागणीची सोय 2020 साली आली. चढावरच्या वस्तीची कैफियत गणिताच्या भाषेत प्रथम ऐकणाऱ्यांमध्ये नागपूरचा एक प्राध्यापक होता, हे आपल्या प्रत्येक महाविद्यालयात सांगितले गेले पाहिजे.

आता प्रतिमानाच्या दुसऱ्या बाजूविषयी, माझ्या नोकरीतल्या एका प्रसंगाच्या आधारे बोलतो. एका लहान शहरात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मोरीपलीकडच्या वाडीला पाणी चढत नसे. आम्ही नकाशावरून प्रतिमान केले. वाडीला दहा मीटर दाब मिळतो असे उत्तर आले. दोन वर्षे आम्ही त्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि वाडीतल्या बायकांवर ठेवला नाही. पुढे एका पहाटे मी दाबमापक घेऊन स्वतः गेलो, नळावर दोन मीटरही दाब निघेना, तेव्हा बरोबरचा, नळाच्या चाव्या सोडणारा म्हातारा व्हॉल्वमन म्हणाला, ‘‘साहेब, रस्ता झाला तेव्हा मोरीखाली लहान पाइप घातलाय. शंभर-सव्वाशे मीटर असंल. कुणी विचारलंच नाही.’’ नकाशावर नळी दीडशेची होती. खणून पाहिले तर ऐंशीची. तेवढ्या अंतरात प्रत्येक मीटरला घर्षण एकवीसपट होत होते, आणि वाडीचा सगळा दाब त्या मोरीखाली संपत होता. नळी बदलली, पाणी चढले. परंतु त्या दोन वर्षांत वाडीतल्या लेकीसुनांनी डोक्यावरून जे पाणी वाहिले, त्याची भरपाई कोणत्या खात्यातून करावी हे मला आजतागायत समजलेले नाही.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, आणि ते मी आपल्यापुढे आग्रहाने मांडतो, की जमिनीवरच्या मोजणीशी ताडून न पाहिलेले प्रतिमान हा दस्तऐवज नव्हे, तो केवळ एक इच्छालेख होय. दाबमापक लावून, रात्रीच्या प्रवाहाची नोंद घेऊन, जुन्या नळ्या कोठेकोठे उघडून पाहून, आणि ज्यांच्या हातात पंचवीस वर्षे चाव्या आहेत त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या आठवणी नकाशावर उतरवून घेतल्याशिवाय संगणकासमोर बसू नये. पुष्कळ अंदाजपत्रकांत प्रतिमानासाठी तरतूद असते आणि मोजणीसाठी नसते. हा क्रम उलटा आहे. व्हॉल्वमन निवृत्त होतो तेव्हा नगरपालिका त्याला शाल-श्रीफळ देते आणि शहराचा खरा नकाशा त्याच्याबरोबर घरी जाऊ देते.

हे काम नीट केले तर काय साधते, याचे उदाहरण कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने घालून दिले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तेथील नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साह्याने चोवीस तास पाणी देण्याची योजना अमलात आणली. संगणकीय प्रतिमानावर वितरणाची आखणी झाली, नळजोडण्यांना मीटर बसले, वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी पाणीपट्टी ठरली. लोकसंख्येने ते मोठे शहर नव्हे, श्रीमंतही नव्हे. पाणी केव्हाही येणारच अशी खात्री झाली की माणूस साठवून ठेवीत नाही आणि शिळे म्हणून ओतूनही देत नाही, ही साधी गोष्ट तेथे दिसली. पुणे महापालिकेने आपल्या समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहराचे 141 विभाग पाडले, त्यामागचाही विचार हाच आहे, की पाणी कोठे शिरते आणि कोठे हरवते याचा जमाखर्च विभागवार लागावा. मोठ्या शहरात रस्ते खणण्याची परवानगी, जुन्या जोडण्या, नव्या इमारती यांमुळे ही कामे रेंगाळतात. परंतु दिशा योग्य आहे.

आणि आता या गावाकडे येतो. एका बाजूस हिंजवडी, दुसऱ्या बाजूस पिरंगुट, आणि मध्ये घोटावडे. डोंगराच्या उतारावर घरे चढत चालली आहेत, आणि पाण्याची मागणी उतारावर चढते तेव्हा जुन्या टाकीची उंची तीच राहते. अशा गावाचे प्रतिमान शहर झाल्यावर नव्हे, आज करावे. कारण आज नळ्या थोड्या आहेत, त्या कोणी कोठे पुरल्या हे सांगणारी माणसे गावात आहेत, आणि कोणत्या वस्तीला नवी टाकी लागेल हे बांधकामाला मंजुरी देण्यापूर्वीच पाहता येण्याजोगे आहे. पाच वर्षांनी हेच काम करावयाचे तर रस्ते फोडावे लागतील.

परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर उद्या सकाळी निबंधवाचन आहे. अध्यक्ष या नात्याने मी त्यात एक बदल सुचवितो, आणि स्वागत समितीने तो मान्य केला आहे. निबंध दुपारी होतील. सकाळी पाणी सुटण्याच्या वेळी आपण चार-चारांच्या तुकड्या करून गावात जाऊ. प्रत्येक तुकडीबरोबर एक दाबमापक असेल आणि गावातला एक माणूस असेल. टाकीपासून सर्वांत दूरच्या आणि सर्वांत उंचावरच्या नळापासून आरंभ करावयाचा आहे. दर पंधरा मिनिटांनी दाब लिहावा, घरच्या मंडळींना पाणी किती वेळ टिकते ते विचारावे, आणि ते जे सांगतील तेही त्याच वहीत, त्याच तारखेखाली लिहावे. वह्या व्यासपीठामागच्या टेबलावर ठेवलेल्या आहेत.