बर्स्ट आहे, पण बटण कधी दाबायचं?

कबड्डी शूट करायला लागलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात: "सर, सेकंदाला किती फ्रेम्सचा कॅमेरा घेऊ?" त्यातली काही तर कर्ज काढायच्या तयारीत आहेत, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी थोडा हिशेब. ताशी 140 किलोमीटरने आलेला क्रिकेटचा चेंडू सेकंदाला जवळपास 39 मीटर जातो. तुम्ही 20 फ्रेम्सनी शूट करत असलात तरी दोन फ्रेम्सच्या मधे तो दोनेक मीटर पुढे गेलेला असतो. आणि बॅटला तो चिकटून असतो जेमतेम मिलिसेकंदभर. त्यात आपलं बोट. डोळ्यांना दिसल्यावर ते हलेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. दिसलं आणि मग दाबलं, तर गेलंच ते. हल्ली मिररलेसमध्ये बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या फ्रेम्स साठवायची सोय आली आहे. चांगली आहे, पण ती वेळ सांभाळते, जागा नाही.

जागेचं म्हणाल तर 25 मे 1965, अमेरिकेतलं लुइस्टन. लिस्टन आडवा पडलेला आणि वर ओरडणारा मुहम्मद अली, हा नील लाइफरचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. रिंगवर मोठे फ्लॅश टांगलेले होते, ते एकदा उडाले की पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागायचा. बर्स्टचा प्रश्नच नव्हता. त्या फोटोत अलीच्या पायांमधून पलीकडे एक फोटोग्राफर दिसतो बघा. तोही कसलेला माणूस, हर्बी शार्फमन. पण त्याच्यासमोर अलीची पाठ होती.

कबड्डीत नेमकं हेच होतं. चढाई 30 सेकंदांची. चढाईपटूचं तोंड समोरच्या संघाकडे, तो मध्यरेषेकडे वळतो ते पकड झाल्यावर. म्हणून मी त्याच्याच संघाच्या अंगणाच्या कोपऱ्याबाहेर, जमिनीलगत बसतो. ताणलेला हात, रेषा आणि चेहरा तिथूनच एका फ्रेममध्ये येतात. आणि माझी नजर चढाईपटूवर कमी, कोपरारक्षकाच्या पायांवर जास्त. त्याने वजन पुढच्या पायावर टाकलं की बोट दाबायचं. पकड दिसायची वाट बघायची नाही. दहा-बारा फ्रेम्स, की सोडायचं. दाबूनच ठेवलं तर बफर भरतो, कॅमेरा अडकतो, आणि नेमका तेव्हाच गडी निसटून रेषेला हात लावतो!

अजून एक, रात्रीच्या सामन्यांचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. 1/1000 वर एक फ्रेम उजळ, पुढची काळपट. अँटी-फ्लिकर चालू करा. वेग थोडा कमी होईल, होऊ दे.

आणि पेपरला फोटो लागतो एक, तोही सामना संपल्यावर लगेच. दोन हजार फ्रेम्स घेऊन बसलेल्या मुलाचा फोटो पोचेपर्यंत पान गेलेलं असतं.

तेव्हा कर्जाचं विचारलंत, तर 8-10 फ्रेम्सची जुनी बॉडी कबड्डीला पुरते. पैसे घालायचेच तर 70-200, एफ 2.8 मध्ये घाला, तोही आधी दोन सामने भाड्याने वापरून.