चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : बालआरोग्य कार्यक्रमांच्या व्यवस्थापनाविषयी थोडेसे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंडपणे कार्यरत राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या प्रसंगी मला आपल्याशी चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतील काही भाग परिसरातील लहान मुलांच्या आरोग्यासाठी राखून ठेवण्याचा मानस अध्यक्षांनी आताच व्यक्त केला. तो कसा खर्च करावयाचा, हे अद्याप ठरावयाचे आहे. म्हणून आजचा विषय केवळ श्रवणसुखाचा नाही. मी वैद्यकीय क्षेत्रातील तज्ज्ञ नाही. हिशेब आणि व्यवस्थापन हेच माझे क्षेत्र होय. मदतकार्य करणाऱ्या संस्थांचे बालआरोग्य कार्यक्रम त्याच बाजूने पाहण्याचा योग मला आला. त्यामुळे औषधांविषयी मी अधिकारवाणीने बोलणार नाही. दिलेला पैसा मुलापर्यंत पोहोचला की नाही हे कसे ओळखावे, एवढ्याच प्रश्नाविषयी बोलेन आणि त्यासाठी आपल्या शेजारच्या देशाचे, बांगलादेशाचे, उदाहरण घेईन.

प्रारंभ मात्र भारताच्या भूमीवर झाला. १९७१ साली मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. रुग्ण जमिनीवर पडून होते आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. तेथे काम करणारे डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते रुग्णांना तोंडावाटे देण्यास प्रारंभ केला. पिंपांना तोट्या बसविल्या होत्या. नातेवाईक तेथून पाणी भरून नेत आणि आपल्या माणसाला पाजत. शेकडा ३० च्या घरात गेलेले मृत्यूंचे प्रमाण या उपचाराखाली शेकडा ३.६ पर्यंत उतरले. साखर आणि मीठ लहान आतड्यात जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यासोबत पाणीही शरीरात ओढले जाते, हे त्यामागील शास्त्र. ढाक्यात १९६८ मध्ये झालेल्या चाचण्यांतून या उपचाराची परिणामकारकता दिसून आली होती. बनगावने तो रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती दिला. २०२२ साली डॉ. महालनोबीस यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. उपचार सापडून अर्धशतक लोटल्यावर!

परंतु उपचार सापडणे वेगळे आणि तो दूरच्या खेड्यातील आईच्या हाती पडणे वेगळे. व्यवस्थापनाचे खरे काम या दोहोंच्या मध्ये असते.

फझले हसन आबेद हे मूळचे हिशेबतज्ज्ञ. शेल या तेल कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. स्वातंत्र्यानंतर, १९७२ मध्ये, लंडनमधील आपले घर विकून आलेल्या पैशांतून त्यांनी ईशान्येकडील सुल्ला या भागात पुनर्वसनाचे काम सुरू केले. तीच आज जगभर परिचित असलेली ब्रॅक ही संस्था. १९७९ च्या सुमारास त्यांनी बालमृत्यूंकडे लक्ष वळविले. अतिसाराने मुले दगावत होती, आणि तयार पाकिटे प्रत्येक घरी पोहोचतील एवढी देशात बनतही नव्हती. मग असे ठरले, की प्रत्येक घरी असणाऱ्या वस्तूंतूनच हे पाणी तयार करावयास शिकवावे : तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी.

ऐकावयास हे किती सोपे वाटते! परंतु प्रत्येकाची चिमूट सारखी नसते. मीठ कमी पडले तर उपयोग कमी, आणि अधिक झाले तर बालकाला अपाय. म्हणून मातांनी स्वतः तयार केलेल्या पाण्याचे नमुने गोळा करून त्यांतील मिठाचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासण्यात आले. शिकविणाऱ्या सेविका बहुतांशी जेमतेम शिकलेल्या तरुणी होत्या. घरापासून दूर, गटागटाने राहून त्या गावोगाव पायी फिरत. त्या काळच्या समाजात ही गोष्ट औषधापेक्षाही धाडसाची होती, असे मला वाटते. त्या प्रत्येक घरी स्वतंत्रपणे बसत, मातेला लक्षात ठेवावयाचे दहा मुद्दे सांगत आणि तिच्याच हातून, तिच्याच भांड्यात पाणी तयार करवून घेत. १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे सव्वा कोटी घरांत हे शिक्षण पोहोचले.

आता ज्यासाठी मी हे उदाहरण निवडले, त्या मुद्द्याकडे येतो. या सेविकांना मोबदला कशाचा मिळत असे? किती घरांना भेटी दिल्या, याचा नव्हे. सेविका येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी एक निराळा तपासनीस गावात जाई. नोंदलेल्या घरांपैकी काही घरे तो चिठ्ठी काढावी तशी निवडी. कोणती, हे सेविकेला ठाऊक नसे. त्या घरातील मातेला दहांपैकी किती मुद्दे आठवतात आणि ती पाणी बरोबर तयार करते की नाही, हे पाहून तो श्रेणी देई. मातेच्या स्मरणात जेवढे उरले, तेवढा सेविकेचा मोबदला. काहीच उरले नसेल, तर मोबदलाही नाही.

येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना यातील मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुकानातून किती माल गेला यावर विक्रेत्याचे वेतन ठरविणे आणि किती ग्राहकांनी तो माल खरोखर वापरला यावर ठरविणे, यांत मोठे अंतर आहे. सेवाभावी संस्थांच्या अहवालांत आपण बहुधा पहिलाच आकडा छापतो. ‘या शिबिराचा इतक्या बालकांना लाभ झाला’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. लाभ झाला म्हणजे नेमके काय झाले, हे विचारावयाचे मात्र आपण टाळतो, कारण उत्तर शोधण्यास खर्च येतो आणि त्या खर्चासाठी कोणी देणगी देत नाही. कोनशिलेवर तपासनिसाचा पगार कोरता येत नाही!

तपासणीतून काय बाहेर आले, तेही सांगितले पाहिजे. मातांना मुद्दे तोंडपाठ होते. श्रेणी उत्तम येत होत्या. आणि तरीही, मुलाला प्रत्यक्ष जुलाब सुरू झाल्यावर हे पाणी पाजणाऱ्या मातांची संख्या प्रारंभी अगदी थोडी होती. एखाद्या संस्थेने येथे तोंडपाठ मुद्द्यांचा आकडा छापून समाधान मानले असते. ब्रॅकने कारणे शोधण्यासाठी माणसे गावांत पाठविली. एक कारण असे निघाले, की अनेक सेविकांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या औषधाच्या गोळ्या घेत, आणि ही गोष्ट गावातील स्त्रियांच्या नजरेतून सुटत नसे. मग सेविकांना या उपचारामागील शास्त्र समजावून देण्यात आले, पटकीच्या रुग्णालयात नेऊन मरणासन्न माणसे या पाण्याने उठून बसताना दाखविण्यात आली आणि मातांसमोर स्वतः घोट घेऊन दाखविण्याची पद्धत सुरू झाली. दुसरे कारण पुरुषांचे होते. अपरिचित स्त्रिया आपल्या घरात येऊन बायकोला काहीतरी शिकवून जातात, एवढेच त्यांना कळत असे, आणि घरातील निर्णय तर त्यांचाच. तेव्हापासून बाजारात, मशिदींत आणि शाळांत पुरुषांच्या सभा घेण्यात येऊ लागल्या. त्यानंतर वापर वाढत गेला. जुलाब झाल्यावर मुलाला हे पाणी पाजण्याचे प्रमाण आज ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत बांगलादेशाची गणना होते.

लसीकरणातही त्या देशाने अशीच मजल मारली. १९८५ च्या सुमारास बांगलादेशात शेकडा दोनच बालकांना त्रिगुणी लसीच्या तिन्ही मात्रा मिळत होत्या. १९९० पर्यंत हे प्रमाण शेकडा साठच्या पुढे गेले. लस सरकारची, आणि लोकांना तयार करण्याचे बरेचसे काम स्वयंसेवी संस्थांचे, अशी वाटणी होती. पाच वर्षांखालील बालकांचा मृत्युदर तेथे १९९० मध्ये हजारी १४० च्या वर होता. अलीकडे तो हजारी ३० च्या आसपास आला आहे. याचे श्रेय एका संस्थेचे किंवा एका औषधाचे नाही. मुलींचे शिक्षण, कुटुंबनियोजन, वाढलेले उत्पन्न या साऱ्यांचा त्यात वाटा आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आपल्या समाजाला विशेष आवडेल. बांगलादेशातील मतलब या भागात १९६६ पासून प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नियमित नोंद ठेवण्यात येते. त्याच भागातील ६५ गावांत शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. नदी-तळ्यांच्या पाण्यातील पटकीचे जंतू बऱ्याच प्रमाणात सूक्ष्म जलजीवांना चिकटून राहतात. जुन्या सुती साडीचे फडके चार पदरी घडी करून त्यातून पाणी गाळले, तर ते जीव वरच अडकतात. वापरून विरलेली साडी नव्या साडीपेक्षा अधिक उपयोगी ठरली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात. गाळलेले पाणी वापरणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या घरांतील गळणे अहिंसेच्या विचारातून आले, आरोग्यासाठी नव्हे. दोन्ही हेतू एकच करून सांगण्याचा मोह मी आवरतो. गळण्याने सगळे जंतू अडत नाहीत, हेही खरे. तथापि पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा, कोणी आठवण करून देत नसतानाही, त्यांतील जवळपास एकतृतीयांश स्त्रिया पाणी गाळतच होत्या. पाठीवर थाप देणारा कार्यक्रम निघून गेल्यावर जे उरते, ते असे मोजावे लागते.

महाराष्ट्रात हीच दृष्टी गडचिरोलीत दिसली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू त्या गावांत शेकडा ६२ ने घटल्याचे दिसले. हे सांगता आले याचे कारण एकच. कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावांतील जन्म-मृत्यूही तितक्याच काटेकोरपणे नोंदविले होते. पुढे २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील कित्येक बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे उघड केले. घरोघरी नवजात बालकांना भेटी देण्याचे काम २०११ पासून देशभरातील आशा सेविकांकडे सोपविण्यात आले आहे.

आता आपल्या निधीविषयी. इमारत, रुग्णवाहिका, वार्षिक शिबिर असे तीन प्रस्ताव आपल्यापुढे असल्याचे मला कळले. तिन्ही चांगलेच आहेत. परंतु माझे स्पष्ट मत असे, की यांपैकी एकानेही, निदान पहिल्या वर्षी, प्रारंभ करू नये. आपल्या परिसरातील वस्त्यांत गेल्या वर्षी पाच वर्षांखालील किती बालके दगावली आणि कशाने, याचे उत्तर आज या सभागृहात कोणाजवळही नाही. ते नसताना रुग्णवाहिका घेतली तर ती धावेल, तिचे किलोमीटर मोजता येतील, अहवालही सुंदर निघेल.

कामे आहेत आणि ती खर्चिक नाहीत. जुलाब झालेल्या मुलाला क्षारसंजीवनीचे पाणी आणि त्यासोबत जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची २००४ पासूनची शिफारस आहे. क्षारसंजीवनीची पाकिटे आता सर्वत्र मिळतात, त्यामुळे घरगुती चिमूट-मुठीचा प्रयोग करण्याची गरज नाही. पाकिटावर छापले असेल तेवढेच पाणी घ्यावे. जुलाब दोन दिवसांत थांबले की गोळ्या बंद होतात, ही नेहमीची अडचण. दहाव्या दिवशी त्या घरी कोणी तरी गेले पाहिजे. असे जाणारे माणूस नेमणे, त्याला वेळेवर पगार देणे आणि ते खरोखर गेले होते का हे दुसऱ्याने पाहणे, या तीन गोष्टींना मी व्यवस्थापन म्हणतो. निधीतील दर शंभर रुपयांपैकी निदान दहा रुपये केवळ या पाहण्यासाठी बाजूला काढावेत, अशी माझी सूचना आहे. आशा सेविका आपल्या भागातही आहेत; त्यांच्या कामाची पुनरुक्ती न करता त्यांना विचारूनच वस्त्या निवडाव्यात.

पहिल्या वर्षी दोन सेविका, एक तपासनीस आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या एवढाच खर्च येईल. त्याचे कच्चे अंदाजपत्रक मी कार्यवाहांकडे दिले आहे. त्यातील प्रवासखर्चाचा आकडा मला थोडा कमी वाटतो. तो आपल्यापैकी स्थानिक माहितगारांनी तपासून घ्यावा.  वेळ थोडा आहे, तेव्हा प्रश्न आताच विचारावेत.