दिलेला होकार आणि मागाहून आलेले पत्र

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कापूस पिकविणाऱ्या घरचा पदवीधर मुलगा श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावा. पांढरकवड्याकडील एका शाळेत गणितशिक्षकाची जागा त्याने मे महिन्यात लेखी होकार देऊन पत्करली. त्या होकारावर विसंबून शाळेने इतर उमेदवारांस नकार कळविला. शाळा उघडण्यास पंधरवडा उरला असता नागपूरहून दुसरे पत्र आले. पगार जवळजवळ दुप्पट. घरावर कर्ज, मागल्या वर्षी बोंडअळीने पीक नेलेले. बाप म्हणतो, “जा.” शेजारी म्हणतात, “सही केली म्हणजे काय पायांत बेडी पडली?” आता त्याने काय करावे?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहावे. १८७२ च्या करार कायद्यात टपालाने दिलेल्या होकाराचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. होकाराचे पत्र पलीकडच्या हाती पडेपर्यंत तो परत घेता येतो; पडल्यावर नाही. म्हणजे पत्राच्या आधी तार पोचली तर मनुष्य सुटला. या मुलाचे पत्र तर महिन्यापूर्वीच पोचलेले. तथापि न्यायालय त्याला ओढून फळ्यापुढे उभे करणार नाही. कोणाकडून जबरीने चाकरी करवून घेण्याचा हुकूम सहसा होत नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येते. आणि गरीब शाळा गणिताच्या मास्तरामागे वकील लावीत नाही. एवढ्यावरून पुष्कळ लोक समजतात की, प्रश्न संपला. वस्तुतः तो येथे सुरू होतो.

अशा वेळी महाराष्ट्रात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे उदाहरण हटकून सांगितले जाते, आणि ते आहेही सांगण्याजोगे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला तो डेक्कन एज्युकेशन सोसायटीला, परत येऊन तुमच्याच संस्थेत शिकवीन, असा शब्द देऊन. १८९९ साली ते गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर सरकारी शिक्षणखात्यातील शेकड्यांच्या पगाराची जागा त्यांना अवघड नव्हती. ते पुण्यास परतले आणि दरमहा ७५ रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजात रुजू झाले. १९०२ मध्ये तेथेच प्राचार्य झाले व सुमारे वीस वर्षे त्या पदावर राहिले.

परंतु हे उदाहरण त्या मुलाच्या तोंडावर फेकणे अन्यायाचे होईल. परांजप्यांनी शब्द दिला तो ज्यांना दिला तेही त्याच ७५ रुपयांवर राबत होते. गोखले, कर्वे त्यांतलेच. बांधिलकी दोन्ही बाजूंनी होती. आज कित्येक संस्था शिक्षकास वर्षभराच्या बोलीवर घेतात, पटसंख्या घटली की घरी बसवितात, आणि निष्ठेची अपेक्षा मात्र जन्माची धरतात. अशा संस्थेला दिलेला होकार आणि परांजप्यांचा शब्द एका तराजूत घालता येत नाही. शिवाय बापाच्या डोक्यावरचे कर्ज हा काही लोभ नव्हे.

पत्करलेली जागा सोडणे हेही नेहमीच लाजिरवाणे नसते. वणीस जन्मलेले आणि यवतमाळात वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी ती जागा सोडली. अधिक मोठ्या जागेसाठी नव्हे, आणि गुपचूप तर नव्हेच.

खरे पाहता ‘गुपचूप’ हाच या प्रकरणातील दोष आहे. शाळा उघडते, हजेरीपटावर नाव आहे, मास्तर नाही, फोन उचलला जात नाही; दिवाळीपर्यंत आठवीची मुले बीजगणितावाचून बसतात. ज्या उमेदवाराला नकार गेला तोही एव्हाना दुसरीकडे लागलेला असतो. हे नुकसान पगाराच्या फरकाने भरून येत नाही.

तेव्हा त्या मुलाने प्रथम नागपूरकरांस लिहावे: आपण अन्यत्र होकार दिला आहे, रुजू होण्यास महिना-दोन महिने मुदत मिळेल काय? हे विचारण्याचे धैर्य फार थोडे उमेदवार दाखवितात. पुष्कळदा मुदत मिळतेही. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन कर्जासकट सारे सांगावे. नाकारलेल्या उमेदवारांपैकी कोणी अद्याप मोकळा असेल तर वाट सरळ आहे. नसेल, तर बदली मनुष्य मिळेपर्यंत शिकविण्याचे त्याने कबूल करावे आणि मिळालेली मुदत तेथे घालवावी. मुदत मिळाली नाही व माणूसही मिळाला नाही, तर मात्र निवड खरोखर कठीण आहे, आणि ती त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी करू नये, बापानेही नाही. पण तो प्रसंग येण्यापूर्वी पंधरा दिवस हाती आहेत. यवतमाळहून पांढरकवड्यास एस. टी. जाते; पत्र लिहीत न बसता त्याने उद्या सकाळीच ती धरावी.