दोन्ही बाजूंची मोरी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो, आई-वडील सत्तरीच्या पुढे गेले, आणि इथल्या निम्म्या घरांत फडताळावर गुडघेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं असणार. म्हणून आज पोटातल्या रक्तस्रावाबद्दल बोलते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. गेल्या वर्षी बाबांच्या आजारपणात डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि नंतर वाचून जे समजलं, तेवढंच सांगते.

बाबांना आधी चार दिवस डांबरासारखी काळी, चिकट शौचाला होत होती. ‘पित्त झालंय’ म्हणून त्यांनी कोकम सरबत घेतलं. जठरात किंवा त्यापुढच्या ड्युओडेनममध्ये रक्त वाहिलं, की पचनात त्याचा रंग काळा होतो. लाल रक्त दिसत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण त्यासोबत चक्कर, घाम, धाप असेल तर वाट बघायची नसते. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तरी तेच.

बाबांना व्रण होता. त्याची मुख्य कारणं दोन : हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. जंतूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. गोळ्यांचा शोध लावायला नोबेल लागत नाही. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात, तेही उपाशीपोटी. बाबांची हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिनही चालू होती.

रात्री उलटीत रक्त आलं. पहिल्या दवाखान्यात सलाइन लागलं, पण दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, रात्री होत नव्हती. तिथून नागोठणे, वडखळ, पेण करत नवी मुंबई. २०११ पासून चाललेल्या चौपदरीकरणातला प्रत्येक खड्डा त्या रात्री मी मोजला. रक्ताची गरज लागली तेव्हा या सभागृहात बसलेले तिघे पहाटे तिथे पोचले. नावं घेतली तर रागावतील.

एंडोस्कोपीत डॉक्टरांनी व्रणात इंजेक्शन दिलं, क्लिप लावली. बहुतेक रुग्णांचं काम तिथेच होतं. बाबांचा रक्तस्राव दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला. शस्त्रक्रियेचा विचार चालला होता, पण वय चौऱ्याहत्तर आणि हृदय कमकुवत. तेव्हा एम्बोलायझेशन सुचवलं गेलं : पोट न उघडता, रक्त वाहणारी धमनीच आतून बंद करायची.

जांघेतल्या धमनीत सुई घालतात, तिच्यातून तार, आणि तारेवरून बारीक नळी. ही पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत नळी महाधमनीतून पोटाच्या धमन्यांपर्यंत नेतात, औषध सोडून रक्त कुठून गळतंय ते पाहतात आणि तिथे प्लॅटिनमच्या केसासारख्या तारेच्या गुंडाळ्या, म्हणजे कॉइल, बसवतात. कधी जिलेटिनचा स्पंज किंवा खास गोंदही वापरतात. बाबा जागे होते. जागा बधिर केली होती, एवढंच.

मला पडलेला प्रश्न साधा होता. धमनी बंद केली तर पुढचा भाग मरणार नाही का? उत्तर आपल्या शेतात आहे. डोलवहालच्या कालव्याचं पाणी उन्हाळी भाताच्या खाचरात एकाच मोरीने येत नाही, शेजारच्या खाचरातूनही झिरपतं. जठर आणि ड्युओडेनमला असंच अनेक वाटांनी रक्त मिळतं, म्हणून एक वाट बंद केली तरी सहसा तो भाग जगतो. पण हीच गोष्ट उपचारात आडवी येते. ड्युओडेनमच्या मागून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी जाते आणि मागच्या भिंतीतला व्रण तिलाच कुरतडतो. वरची मोरी बुजवली, तरी खालच्या आतड्याच्या धमनीकडून उलट्या वाटेने रक्त येत राहतं. म्हणून नळी फुटलेल्या जागेच्या पलीकडे नेऊन आधी तिकडची बाजू बंद करतात आणि मागे येत येत अलीकडची. फुटलेला बांध नुसता वरून लिंपला तर काय होतं, ते इथे कुणाला सांगायला नको.

ही कल्पना अमेरिकेतल्या पोर्टलंडची. जोसेफ रॉश, चार्ल्स डॉटर आणि त्यांचे सहकारी ब्राउन यांनी १९७२ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेव्हा कॉइल नव्हती. त्यांनी रुग्णाच्याच रक्ताची गुठळी धमनीत सोडली होती. डॉटर यांनी आपल्या कामाची खूण म्हणून पाइप आणि पाना यांचं चित्र वापरलं होतं. प्लंबरचा अभिमान बाळगणारा डॉक्टर मला फार आवडला.

हा हमखास उपाय नाही. तीन-चार रुग्णांत एखाद्याला पुन्हा रक्तस्राव होतो. क्वचित आतड्याला इजा होते, आणि डायमुळे मूत्रपिंडावर ताण येतो. यकृत खराब असलेल्यांच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटतात, तो प्रकार वेगळा. तिथे गळतं ते धमनीतून नव्हे, शिरेतून, आणि एंडोस्कोपीने तिला रबरी बँड लावतात.

निघताना १०८ ला फोन करा आणि दुसऱ्या फोनवरून पुढच्या रुग्णालयाला विचारा : आत्ता एंडोस्कोपी होईल का? रक्तपेढी आहे का? एम्बोलायझेशन करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट रात्री येतात का? जवळचं रुग्णालय आधी गाठावं, कारण सलाइन आणि रक्त चढवल्याशिवाय पुढचा प्रवास धोक्याचा. पण पुढे कुठे जायचं ते तिथे असतानाच ठरवावं. हृदयाची रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा.

बाबांच्या पोटात कॉइल अजून आहे, ती तिथेच राहणार. जंतूवरचं औषध झालं, गुडघ्याच्या गोळ्या बंद आहेत, आणि त्याबद्दल ते रोज कुरकुरतात. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मी, भाऊ आणि शेजारचे काका अशा तिघांच्या फोनमध्ये आहे. कोणत्या धमनीत काय बसवलंय ते त्यावर लिहिलेलं आहे. कुणाच्या घरी असे कागद असतील आणि वाचून समजत नसतील, तर जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात आहे.