‘मागचे पाय गेले’

‘डॉक्टर, ह्याचे मागचे पाय गेले हो’ हे वाक्य मुंबईत मालाडच्या मार्वे रोडच्या सदनिकांतून आणि मीठ चौकीच्या फुटपाथावरून मी सारख्याच कातर स्वरात ऐकत आलो. परंतु त्या वाक्याच्या पोटात निरनिराळे आजार दडलेले असतात, आणि त्यांचा निवाडा होण्याआधीच पुष्कळदा त्या मुक्या जिवाचा निकाल लावला जातो, याचे मला फार दुःख आहे.

कुत्र्याच्या मानेत ७, छातीत १३ आणि कंबरेत ७ मणके असतात. त्यांच्या पोकळीतून मेंदूचे हुकूम पायांकडे व पायांची खबर मेंदूकडे नेणारा मज्जारज्जू जातो. डॅशहुंडासारख्या आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधील गादी कोवळ्या वयातच चिवटपणा गमावून खडूसारखी होते, आणि सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीसरशी ती फुटून मज्जारज्जूवर आदळते. अशा वेळी मी पाऊल उलटे करून पंजाची पाठ लादीला टेकवतो. निरोगी कुत्रा ते तत्क्षणी सरळ करतो, रुग्णाचे तसेच राहते. मग चिमट्याने बोटाचे हाड दाबतो. पाय आखडला, एवढ्यावर मी विसंबत नाही, कारण ती हालचाल मेंदूला इत्तला न देताही होते. कुत्रा मान वळवून माझ्याकडे पाहतो काय, हे मी पाहतो. त्याने पाहिले, तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक प्राणी पुन्हा चालतात. न पाहिले तरी, विलंब न झाल्यास, सुमारे निम्म्यांना आशा असते. म्हणून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या चारत घरी वेळ दवडू नका. त्या स्वतंत्रपणेही घातक ठरतात.

उतारवयातील अल्सेशियनची गोष्ट निराळी. त्याला वेदना नसते. जिन्यात त्याची नखे फरफटल्याचा आवाज मात्र आधी येऊ लागतो, आणि पाहिले तर मधली नखे झिजलेली असतात. त्याच्या मज्जारज्जूचा हळूहळू क्षय होत असतो. या क्षयाशी निगडित जनुकदोष २००९ साली सापडला. तो ज्या जनुकात आहे, त्यातलेच दोष माणसांतील एएलएस या चेतापेशींच्या व्याधीच्या काही रुग्णांतही आढळतात. यावर औषध नाही, नित्य चालणे व मर्दन आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याला बहुधा वाहनाचा धक्का लागलेला असतो. त्याला उचलून न नेता फळीवर सरकवून न्यावे. धक्क्याची खूण नसेल, तर रेबीजही पाय लुळे करतो हे स्मरून उघड्या हाताने स्पर्श करू नये. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ १८८३ पासून आणि पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून अशा प्राण्यांसाठी उभी आहेत.

पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी तुंबते, आणि तिकडे दुर्लक्ष झाले तर मज्जारज्जू सुधारण्याआधी मूत्राशय कुत्र्याला मारते. मालाडमधल्याच ऑर्लेमच्या एका आजीबाई आपल्या अशा कुत्र्याची लघवी दिवसातून चार वेळा दोन्ही तळव्यांनी पोट हलके दाबून काढीत, आणि मग पोटाखाली जुन्या पंच्याची झोळी घालून त्याला अंगणात फिरवीत. सातव्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून झोळी थोडी सैल सोडून दाखवली: तो डगमगत, पण स्वतःच्या चार पायांवर, तुळशीवृंदावनापर्यंत गेला.