पाठीवरच्या पंपाचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा हिशेब आपण दर बैठकीत मांडतो. आज पाठीवरच्या फवारणी पंपाचा हिशेब मांडायचा आहे. कारण फवारणीने आपली माणसे नेली आहेत.

2017 चा पावसाळा कोणी विसरलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, दोन-तीन औषधांचे मिश्रण, जादा दाबाचे पंप, अशी कारणे सांगितली गेली. शेवटी बोट आपल्याकडेच वळले: शेतकऱ्याने काळजी घेतली नाही. काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्हाला तरी पंप विकताना कोणी सांगितले नव्हते. तेव्हा आपले आपणच समजून घेऊ.

हाताच्या पंपाची टाकी 15-16 लिटरची. तिच्यात दाब नसतो. दाब असतो तो लहानशा हवेच्या कोठीत. दांडा हलवला की दट्ट्या टाकीतले पाणी या कोठीत ढकलतो. कोठीत हवा अडकलेली असते. पाणी दाबून आकसत नाही, हवा आकसते. हवा निम्म्या जागेत कोंबली की तिचा दाब दुप्पट होतो. ही दबलेली हवा पाण्याला नळीतून नोजलकडे रेटत राहते. म्हणून दांडा खाली-वर होत असला तरी फवारा तुटत नाही. 1880 च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षबागांत असे पाठीवरचे पंप फिरू लागले. युक्ती तेव्हापासूनची आहे, अवघड काही नाही.

आता यातून निघणाऱ्या तीन गोष्टी.

पहिली. दाब वाढवला की काम दुप्पट होते, हा भ्रम आहे. त्याच नोजलमधून दुप्पट पाणी काढायला चौपट दाब लागतो. दाबाने वाढते ते धुके. थेंब बारीक होतात, पानावर बसण्याऐवजी वाऱ्यावर जातात, आणि पऱ्हाटी उंच असली की आपल्याच नाकातोंडात येतात. हाताच्या पंपाचा दाब हात दुखला की उतरतो. मोटारीचा हात दुखत नाही. पेट्रोलच्या पंपात तर एकरी पाणी कमी लागते, म्हणून औषध दाट कालवतात. अंगावर पडणारा प्रत्येक थेंब तितकाच जहाल.

दुसरी. वायसर झिजला की दाब नोजलकडे जात नाही, गळतो. बुचातून, नळीच्या जोडातून पाठीवर येतो. औषध कातडीतून अंगात शिरते, त्याला तोंडच लागते असे नाही. आम्हीही बुचाला प्लास्टिकची पिशवी बांधून हंगाम काढला आहे. संध्याकाळी डोके जड झाले तर ऊन लागले म्हणून झोपलो आहोत. वायसर महाग नव्हता. पण तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवस मोडणार, आणि अळी काही एक दिवस थांबणार नव्हती. गरिबीचा हिशेब असा असतो.

तिसरी, मात्रेची. एका गुंठ्यावर, म्हणजे 33 फूट बाय 33 फूट जागेवर, नुसते साधे पाणी फवारा आणि किती लागले ते मोजा. समजा 5 लिटर लागले. 40 गुंठ्यांना 200 लिटर, म्हणजे 16 लिटरचे साडेबारा पंप. डब्यावर एकरी 400 मिली लिहिले असेल तर एका पंपात 32 मिली. चालणारा बदलला, नोजल बदलले, पंप बदलला, की हा हिशेब पुन्हा करायचा. झाकणाने मोजून अंदाजे ओतले तर जास्त पडून पैसा आणि जीव जातो, कमी पडून अळी जगते.

हंगामाच्या आधी पंप साध्या पाण्यावर चालवून गळती बघा. नोजल तुंबले तर आधी चाप दाबून नळीतला दाब उतरवा आणि गवताच्या काडीने साफ करा. तोंडाने कधीही फुंकू नका. वाऱ्याच्या तोंडावर चालू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणाला घाम सुटला, लाळ आली, दिसेनासे झाले, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि त्याला लगेच दवाखान्यात न्या. सोबत डबा घ्या. कोणते विष ते कळले तरच डॉक्टरला नेमका उतारा देता येतो.

आणखी एक बोलायचे आहे, ते आपल्याच विरुद्ध. गळका पंप आपण स्वतः घेत नाही, मजुराच्या पाठीवर देतो. आपल्या घामाचा भाव मागणाऱ्याने दुसऱ्याच्या पाठीचा भाव विसरू नये.

तेव्हा ठरवू या. प्रत्येक गावात वायसर, नोजल आणि बुचाचा एक संच वर्गणीतून ठेवायचा. पंप विकणाऱ्याकडे पावती आणि सुटे भाग, दोन्ही मागायचे. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपापला पंप धुऊन सोबत आणायचा. इथेच पाणी भरू, इथेच बघू, कोणाचा गळतो ते.