दिव्याखालचे चेहरे



आजचा विषय आहे जुन्या चित्रपटांतल्या नायिका आणि त्यांचं सौंदर्य. हा विषय निघाला की आपण चार नावं घेतो, उसासा टाकतो आणि ‘आता तसे चेहरे राहिले नाहीत’ म्हणून मोकळे होतो. त्या नायिकांवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच उसाशावर ही गोष्ट संपवणं मला मान्य नाही. ते चेहरे पडद्यावर तसे का दिसत होते, त्यामागे कोणाची मेहनत होती आणि त्यासाठी त्या अभिनेत्रींना काय सोसावं लागलं, हे आज बोलायचं आहे.

हॉलिवूडपासून सुरुवात करतो, पण गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. मर्ल ओबेरॉन हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. १९३९ सालच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर ती नायिका होती. त्याआधी १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. ही मुलगी १९११ साली मुंबईत जन्मली, कोलकात्यात वाढली आणि १९२८ मध्ये इंग्लंडला गेली. तिचं घराणं अँग्लो-इंडियन. पण जगाला सांगण्यात आलं की ती ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जन्मली. का? तर त्या काळात अमेरिकेत भारतीय वंशाच्या माणसाला नागरिकत्वसुद्धा मिळत नव्हतं. ते दार १९४६ मध्ये उघडलं. शिवाय गोऱ्या नायकाची प्रेयसी पडद्यावर गोरीच असली पाहिजे, असा तिथला दंडक होता. सावळ्या रंगाची, साडी नेसणारी घरची म्हातारी लंडनमध्ये तिच्याजवळ राहत होती, आणि पाहुणे आले की तिची ओळख मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असं सांगतात. मर्ल १९७९ मध्ये गेली. मुंबईचं नाव तिने शेवटपर्यंत जाहीरपणे घेतलं नाही.

१९३७ मध्ये लंडनला मर्लच्या मोटारीला अपघात झाला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. पुढे ‘द लॉजर’ या १९४४ च्या चित्रपटात ल्यूसियन बॅलार्ड हा तिचा छायालेखक होता. त्याने कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून एक छोटा दिवा बसवला. तिच्या नावावरून त्या दिव्याला ‘ओबी’ म्हणू लागले. दुसऱ्याच वर्षी त्या दोघांनी लग्न केलं. या दिव्याने काय होत होतं, ते घरी जाऊन स्वतः पाहा. खोलीत अंधार करा, आरशासमोर उभे राहा आणि मोबाईलची बॅटरी कानाच्या बाजूने गालावर मारा. प्रत्येक खड्डा, प्रत्येक सुरकुती उठून दिसेल, कारण व्रण डोळ्यांना दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. आता तीच बॅटरी डोळ्यांच्या रेषेत, समोरून धरा. सावली पडायला जागाच उरत नाही, गाल सपाट आणि नितळ दिसतो, आणि बुबुळात एक ठिणगी चमकते. हॉलिवूडच्या ज्या डोळ्यांवर आपले आजोबा भाळले, त्यांतलं निम्मं तेज या ठिणगीचं आहे. हे कळल्यावर मोहिनी कमी होत नाही. उलट तो दिवा अचूक जागी धरणाऱ्या माणसाबद्दल आणि त्या उजेडात तासन्‌तास मान न हलवता बसणाऱ्या बाईबद्दल माझ्या मनात आदर वाढतो.

आता दुसरा चेहरा. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार. त्यांना ओळखत नाही असं या सभागृहात कोणी नसेल. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आपल्या हिंगोलीत गल्लीतल्या एका टीव्हीपुढे सगळी गल्ली बसायची. त्यातली मंथरा तुम्हाला आठवते. पण हीच बाई मूकपटांच्या काळात नायिका होती, आणि तरुण वयातच चित्रपटनिर्मितीतही उतरली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात अभिनेते भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. उपचारांत काही वर्षं गेली, आणि नायिकेच्या भूमिका संपल्या.

मर्लसाठी दिवा शोधला गेला. ललिताबाईंसाठी कोणी दिवा शोधला नाही. त्यांनी तो मिटता डोळा घेऊनच काम केलं. ‘रामशास्त्री’मध्ये त्या आनंदीबाई झाल्या, आणि त्या डोळ्याच्या एका आकुंचनात कारस्थान दिसायला लागलं. पुढे शेकडो सासवा त्यांनी उभ्या केल्या. पण त्याच चेहऱ्याने ‘श्री ४२०’मध्ये केळी विकणारी गंगामाई केली, ‘अनाडी’मध्ये मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर पुरस्कार घेतला. ‘अनाडी’ पुन्हा पाहा. मिसेस डिसा राज कपूरवर खेकसते तेव्हा तोंड रागावलेलं असतं आणि डोळ्यांत माया असते. बिघडलेल्या स्नायूंच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन भाव आणणं हे मी सौंदर्यच समजतो, आणि ओबी दिव्याखालच्या नितळ गालापेक्षा वरचं समजतो.

आपल्याकडच्या सगळ्याच नायिका दिव्याच्या भरवशावर नव्हत्या. दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या तेव्हा १९३२ साल होतं, आणि सुखवस्तू, शिकलेल्या घरातली बाई सिनेमात जाते म्हणून लोक बोटं मोडत होते. शांता आपटे १९३७ च्या ‘कुंकू’त नीरा झाल्या. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली ही मुलगी नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. शांताबाईंचा चेहरा रूढ अर्थाने देखणा म्हणावा असा नाही. पण मान ताठ करून समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची त्यांची रीत पडद्यावरून थेट प्रेक्षकांच्या अंगावर येते. प्रत्यक्षातही तसंच. १९३९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीशी करारावरून वाद झाला तेव्हा त्या स्टुडिओच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिलं. नटी म्हणजे शोभेची बाहुली, असं समजणाऱ्यांनी ते जरूर शोधून वाचावं.

हंसा वाडकरांचं तर आपल्या मराठवाड्याशी नातं आहे, आणि ते दुखरं आहे. पडद्यावर लावणीने थिएटरं डोक्यावर घेणाऱ्या या अभिनेत्रीने आयुष्यातला एक काळ मराठवाड्यातल्या खेड्यात, पडद्यात काढला. तिने स्वतःच ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात ते सांगून ठेवलं आहे. त्यावरूनच श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील ते आयुष्य जगली. पुस्तक आधी वाचा, मग चित्रपट पाहा.

आणि नूतन. अभिनेत्री शोभना समर्थांची मुलगी. १९६३ च्या ‘बंदिनी’मधला एक प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. नूतनच्या कल्याणीला कळतं की जिची ती सेवा करते आहे, ती चिडखोर रोगी तिच्याच माणसाची बायको आहे. वडीलही गेलेले असतात. बाहेर लोखंडावर घाव पडताहेत, ठिणग्या उडताहेत, आणि त्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर लखकन येतो आणि विझतो. संवाद नाही, रडणं नाही. छायालेखक कमल बोस यांनी हा उजेड व्रण झाकायला वापरला नाही. आत जे शिजतं आहे ते दाखवायला वापरला. प्रत्येक झोतागणिक चेहरा बदललेला असतो, आणि चहाबरोबर विष देणारी बाई आपल्यासमोर तयार होते. त्या छायालेखनाला त्या वर्षीचा फिल्मफेअर मिळाला, नूतनलाही मिळाला. हॉलिवूडच्या गार्बो, बर्गमन यांच्या कामाशेजारी हा प्रसंग बिनदिक्कत ठेवावा, असं माझं मत आहे.

रसिकहो, हे सगळं टिकेलच असं धरून चालू नका. आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आज पूर्ण पाहायला मिळतात. ललिताबाईंची तरुणपणची नायिका त्यातच गेली. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरच्या जुन्या चित्रपटांची रिळं जळाली. प्रभातची रिळंही त्यात होती.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या असतील, जत्रेतल्या तंबूत वाटलेली हँडबिलं असतील, नट्यांची चित्रं असलेली जुनी कॅलेंडरं आणि मासिकं असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला किलोवर घालू नका. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून ते हेच जपण्याचं काम करतं. त्यांना आधी पत्र लिहा, फोटो पाठवा आणि मगच त्या कागदांचं काय करायचं ते ठरवा.